पिसं फुलवून बसलेला नवा पोपट: औषधाआधी काय करायचं

पोपट घरी आणून चार-सहा दिवस झालेले असतात आणि एका सकाळी तो दांडीवर चेंडूसारखा गोल होऊन बसलेला दिसतो. पिसं फुगलेली, डोळे अर्धवट मिटलेले, मान आत ओढलेली. घरातलं कुणी म्हणतं थंडी वाजत असेल, कुणी म्हणतं नवीन जागा आहे, रुळेल. पाय बघा. निरोगी पोपट डुलकी घेतो तेव्हा बहुतेक वेळा एक पाय पोटाच्या पिसांत घेऊन, एका पायावर उभा असतो. दिवसाढवळ्या दोन्ही पायांवर फुगून झोपणारा, आवाज केला तरी क्षणभर डोळे उघडून पुन्हा मिटणारा पक्षी आजारी धरायचा.

पोपट दुखणं लपवतो. थव्यात अशक्त दिसलेला पक्षी ससाण्याच्या नजरेत पहिला भरतो, त्यामुळे अंगात जोर आहे तोवर तो ताठ बसून धकवत राहतो. त्याला लपवणं जमेनासं झालं की मग आपल्याला दिसतं. आज आजारी दिसलेला पक्षी आठ-दहा दिवसांपासून खंगत असू शकतो, आणि नव्या पक्ष्याच्या बाबतीत त्यातले काही दिवस आधीच्या मालकाकडे किंवा दुकानातच गेलेले असतात. म्हणून 'उद्या सकाळी बघू' हे वाक्य इथे महाग पडतं. पण पहिलं काम औषध शोधण्याचंही नाही. ऊब, वजनकाटा आणि पिंजऱ्याखालचा पांढरा कागद, या तीन गोष्टी आधी.

त्याआधी एक कायद्याची गोष्ट, कारण सातारा-सांगलीकडे 'पोपट' म्हटलं की डोळ्यांसमोर लाल चोचीचा, गळ्यात कंठी असलेला हिरवा राघूच येतो. तो आणि त्याचा मोठा भाऊ करण पोपट हे आपले देशी पक्षी आहेत, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पकडणं, विकणं आणि पाळणं हा गुन्हा आहे. असा पक्षी कुणी आणून दिला किंवा जखमी सापडला, तर तो उबदार खोक्यात ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. पाळायला चालतात ते परदेशी: बजी (बाजारात यालाच सर्रास लव्हबर्ड म्हणतात), कॉकटेल, खरे लव्हबर्ड, कन्योर, आफ्रिकन ग्रे वगैरे. यातल्या बऱ्याच मोठ्या जातींची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. बजी आणि कॉकटेल त्या यादीत नाहीत. नोंदीचे कागद आधीच्या मालकाकडून पक्ष्याबरोबरच घ्या, नंतर मिळत नाहीत. पुढचं सगळं मुख्यतः बजी आणि कॉकटेल धरून लिहिलं आहे, कारण आपल्याकडे जास्त तेच असतात.

घाबरलेला आणि आजारी यातला फरक ओळखता आला पाहिजे. घाबरलेला पक्षी बारीक दिसतो. पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, मान उंच, डोळे टक्क उघडे, कॉकटेल असेल तर तुरा सरळ वर. आजारी पक्षी जाड दिसतो. पहिला दिवस घाबरून न खाणं समजण्यासारखं आहे, पण बजीएवढ्या पक्ष्याला २४ तास उपाशी राहणंसुद्धा धोक्याचं असतं. माणूस समोर असला की आजारी पक्षीही चार मिनिटं उसनं अवसान आणतो, म्हणून पिंजऱ्यासमोर मोबाइल टेकवून व्हिडिओ लावा आणि खोलीबाहेर जा. पंधरा मिनिटांच्या त्या चित्रात खरं दिसतं: श्वासागणिक शेपटी पंपासारखी वर-खाली होते का, चोच उघडी राहते का, दाणे खातो की नुसते चोचीत फिरवून टाकतो. शेपटी हलत असेल तर हा लेख नंतर वाचा, आधी डॉक्टरांना फोन करा.

आता ऊब. पोपटाच्या अंगाचं तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअस असतं. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याला ते टिकवायला सतत इंधन जाळावं लागतं, आणि आजारी पक्षी खात नाही. पिसं फुगवणं म्हणजे त्याने अंगावर ओढलेली गोधडी. बाहेरून ऊब दिली की तीच शक्ती आजाराशी झगडायला उरते. डिसेंबर-जानेवारीत साताऱ्यात रात्रीचा पारा १५ अंशांच्या खाली सहज जातो. त्या गारठ्यात ओट्यावर ठेवलेला आजारी बजी सकाळपर्यंत टिकेलच असं नाही.

आजारी पक्ष्यासाठी हवेचं तापमान २९ ते ३२ अंश ठेवायचं. त्यासाठी मोठा पिंजरा नको. साधारण ४५ सेंटिमीटर लांबीचा लहान पिंजरा किंवा माशांची जुनी काचेची टाकी पुरते. टाकीवर काच झाकू नका, जाळी ठेवा. पिंजऱ्याच्या तीन बाजू जाड टॉवेलने झाका आणि चौथ्या बाजूला, बाहेरून, २५-३० सेंटिमीटर अंतरावर ४० किंवा ६० वॅटचा तारेचा बल्ब लावा. एलईडी बल्ब या कामाचा नाही, तो प्रकाश देतो, ऊब देत नाही. आणि तारेचे बल्ब आता साध्या दुकानात मागितले की दुकानदार आपल्याकडेच विचित्र नजरेने बघतो. कोंबड्यांच्या शेडचं सामान विकणाऱ्याकडे चौकशी करा, मात्र तिथले १५० किंवा २५० वॅटचे ब्रूडरचे लाल दिवे एवढ्याशा पिंजऱ्याला लावू नका, पक्षी भाजून निघतो. टॉवेलची कड बल्बला टेकणार नाही हे दोनदा बघा. बल्बचा उजेड रात्रभर नको, त्याला झोपही लागते. रात्री शेकायची इलेक्ट्रिक पिशवी सगळ्यात मंद आचेवर, टॉवेलात गुंडाळून, टाकीच्या अर्ध्या भागाखाली ठेवावी आणि कोपऱ्यात अगदी मंद दिवा असू द्यावा, म्हणजे मध्येच भूक लागली तर वाटी दिसेल.

अर्ध्याच भागाखाली का, तर पक्ष्याला हवं तेव्हा गार बाजूला सरकता आलं पाहिजे. थर्मामीटर भिंतीवर टांगून उपयोग नाही, पक्षी बसतो त्या उंचीवर लावा आणि पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी वाचा. पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडून धापा टाकत असेल तर जास्त झालं. एप्रिल-मेमध्ये सांगलीत दुपारी पत्र्याच्या घरात आधीच ३८-४० अंश असतात. तेव्हा बल्ब बंद, फक्त पहाटेपुरता लावा. आणि पंख्याला किंवा काचेला धडकून डोक्याला मार लागलेल्या पक्ष्याला ही ऊब द्यायची नसते. त्याला नेहमीच्या खोलीच्या हवेत, अंधारात, शांत ठेवायचं. लाइट गेली तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत गरम पाणी भरून, बाटली मोज्यात घालून पिंजऱ्याच्या एका कडेला ठेवा. दीड-दोन तासांनी पाणी बदलावं लागतं, म्हणून रात्रीसाठी थर्मासमध्ये पाणी भरून ठेवलेलं बरं.

दांडी खाली आणा, तळापासून चार-पाच सेंटिमीटरवर. उंच दांडीवरून पडलेला अशक्त पक्षी छातीवर आपटतो. दांडीवर बसवतच नसेल तर काढून टाका आणि तळाला जुनी सुती चादर घालून वर कागद पसरा. झोपाळे, आरसा, घंटा सगळं बाहेर. तळाला भुसा, मक्याची कणसं कुटून केलेला चुरा किंवा उसाचं चिपाड कधीच घालू नका. आपल्याकडे चिपाड फुकट मिळतं म्हणून मोह होतो, पण ओलसर चिपाडात बुरशी धरते आणि तिचे बीजाणू पक्ष्याच्या फुप्फुसात आणि हवेच्या पिशव्यांत जाऊन बसतात. ॲस्परजिलोसिस नावाचा तो आजार एकदा मुरला की महिनोन्‌महिने औषध चालतं, तरी पक्षी हाती लागेलच असं नाही.

वजनकाट्याशिवाय पोपट पाळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. स्वयंपाकघरात वापरतात तो एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा पुरतो. रोज सकाळी, पहिली शी करून झाल्यावर आणि दाणे द्यायच्या आधी वजन घ्यायचं. काट्यावर हलका प्लॅस्टिकचा डबा ठेवून शून्य करा, पक्ष्याला डब्यात सोडा, वर जाळी धरा, आकडा वहीत लिहा. प्रौढ बजी साधारण ३० ते ४० ग्रॅम, कॉकटेल ८० ते ११०, आफ्रिकन ग्रे ४०० ते ५०० ग्रॅम. पण जातीच्या आकड्यापेक्षा तुमच्या पक्ष्याचा पहिल्या दिवसाचा आकडा जास्त महत्त्वाचा. त्यात दहा टक्के घट झाली तर गंभीर समजायचं. बजीच्या बाबतीत हे दहा टक्के म्हणजे अवघे साडेतीन ग्रॅम, नजरेला ते पिसांखाली दिसणारच नाही. काटा नसेल तर छातीच्या मधल्या हाडावरून बोट फिरवा. दोन्ही बाजूंनी मांस भरलेलं असेल आणि हाडाची कड जेमतेम लागत असेल तर ठीक. नांगराच्या फाळासारखी धार हाताला लागली तर पक्षी बऱ्याच दिवसांचा उपाशी आहे.

कागद पांढरा, बिनछपाईचा. वर्तमानपत्रावर शाईच्या अक्षरांत रंग कळत नाहीत. दर बारा तासांनी बदला आणि टाकण्याआधी वाचा, हो, वाचाच. पोपटाच्या विष्ठेत तीन भाग असतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट वळी, तिच्यावर पांढरी खडूसारखी साय आणि भोवती थोडं स्वच्छ पाणी. निरोगी बजी दिवसाला तीस-पन्नास वेळा शी करतो. आकडा पंधरावर आला आणि प्रत्येक ठिपका लहान, काळपट हिरवा, डांबरासारखा चिकट असेल तर पोटात अन्न जात नाही, नुसतं पित्त बाहेर पडतंय. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी हिरवा झाला तर यकृताकडे बोट दाखवतो, आणि नव्या पक्ष्यात तो सिटॅकोसिसचा इशारा असू शकतो, त्याबद्दल पुढे येतंच. अख्खे दाणे जसेच्या तसे बाहेर पडत असतील तर जठराचा बिघाड. वळी घट्ट आहे आणि भोवती पाणी जास्त आहे, एवढ्यावर 'जुलाब' म्हणू नका, ते लघवीचं पाणी आहे. कालची काकडी किंवा द्राक्षं आठवा. घाबरलेला पक्षीही अशी पातळ शी करतो. वळीच विरघळून चिखल झाला असेल तर ते जुलाब.

खाण्याच्या वाटीत एक फसवणूक असते आणि तिच्यात भरपूर माणसं सापडतात. बजी आणि कॉकटेल दाणा सोलून खातात आणि टरफल वाटीतच टाकतात. वाटी भरलेली दिसते, तुम्ही निर्धास्त होता, आणि वर दोन सेंटिमीटर नुसती फोलपटं असतात. रोज सकाळी वाटीवर फुंकर मारा. फोलपटं उडाल्यावर जे उरेल तेवढाच चारा. उलटही घडतं: पक्षी वाटीशी बसून चोच चालवतोय म्हणजे खातोय असं वाटतं, पण तो दाणे फोडून चुरा करत असतो, गिळत काहीच नाही. काटा ही चोरीही पकडतो.

आजारपणात चारा बदलायचा नाही. आधीच्या घरी नुसती राळे-बाजरी खाणाऱ्या पक्ष्याला आजारीपणी पेलेट (पोपटांसाठीचा तयार गोळीचारा), कोथिंबीर आणि मोडाची मटकी देऊन सुधारायला गेलात तर तो उपाशी मरेल. ओळखीचं तेच द्या, फक्त सोपं करून: राळ्याचं कणीस दांडीशी बांधा, बाजरी तळाच्या कागदावर पसरा, करडई आवडत असेल तर थोडी द्या. मऊ काही खात असेल तर उकडलेलं अंडं कुस्करून किंवा बिनमिठाचा मऊ भात. हे दोन तासांच्या वर वाटीत ठेवू नका, उन्हाळ्यात तासाभरातच आंबतं. पाहुण्यांचं प्रेम आवरा. साताऱ्याचा कंदी पेढा आणि सांगलीचं भडंग ही माणसांची खाणी आहेत. भडंगातलं मीठ आणि लसूण पोपटाला बाधतं, पेढ्यातलं दूध पचत नाही. अव्हॅकॅडो आणि चॉकलेट ही तर त्याच्यासाठी विषंच. द्राक्ष द्यायचं तर वाहत्या पाण्यात चोळून धुऊन, एखादंच. द्राक्षबागांवर किती फवारण्या होतात हे तासगावकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. शेंगदाणे खवट किंवा डागाळलेले असतील तर अजिबात नकोत, त्यातल्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृत खातं. पावसाळ्यात पोत्यातली बाजरी ओल धरते. मूठभर हातात घेऊन वास घ्या, कोंदट वाटली की कोंबड्यांनाही घालू नका. नळाला गढूळ पाणी येत असेल त्या दिवसांत उकळून गार केलेलंच पाणी द्या.

हवेचंही तसंच. पक्ष्याच्या फुप्फुसात प्राणवायू आपल्यापेक्षा कितीतरी कार्यक्षमतेने शोषला जातो, आणि विषारी वाफाही तशाच. गॅसवर विसरलेला नॉनस्टिक तवा तापून धुरकटला तर शेजारच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो, त्यावर उपाय नाही. डासांची अगरबत्ती, धूप, कापूर, फोडणीचा खाट, हे सगळं त्या खोलीपासून दूर. आणि पक्षी मलूल दिसला म्हणून आजीने दृष्ट काढली तर काढू द्या, पण मीठ-मिरच्या विस्तवावर टाकायच्या त्या अंगणात, वारा उलटा असताना.

डॉक्टर. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दिवसभर गाई-म्हशी आणि शेळ्या येतात. तिथल्या डॉक्टरांना पक्ष्यांचा अनुभव असेलच असं नाही, म्हणून फोनवर थेट विचारावं: 'साहेब, पोपट बघता का?' जिल्ह्याच्या ठिकाणी कुत्र्या-मांजरांचे खासगी दवाखाने आहेत, त्यातले काही पक्षी बघतात. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पुणे-सातारा महामार्गावरच. सांगलीहून लांब पडतं, पण साताऱ्यातून तास-सव्वा तासाचा रस्ता. आधी फोन करून निघा. नेताना लहान झाकलेलं खोकं, तळाला टॉवेल, कडेला मोज्यातली गरम बाटली. पाण्याची वाटी काढून ठेवा, हिंदकळून पक्षी भिजला तर गारठतो. मोटारसायकलवर वाऱ्यात नेऊ नका. बरोबर २४ तासांचा विष्ठेचा कागद, वजनाची वही आणि मोबाइलमधला तो व्हिडिओ न्या. विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी आणि क्रॉपचा म्हणजे गळ्याखालच्या अन्नपिशवीचा स्वाब, एवढ्यावर पुष्कळ निदानं होतात.

दुकानातून आणलेली पावडर पाण्यात मिसळून देण्याची पद्धत आपल्याकडे घट्ट रुजलेली आहे आणि तीच सगळ्यात जास्त नुकसान करते. आजारी पक्षी पाणी कमी पितो, त्यात ते कडू झालं तर आणखी कमी, म्हणजे औषध अपुरं आणि शरीर कोरडं. अपुऱ्या प्रतिजैविकाने जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात, आणि क्रॉपमधले चांगले जंतू गेल्यावर तिथे यीस्ट माजतं. गुरांचं औषध थेंबभर देऊ म्हणणाऱ्यांनी एक हिशेब करून बघावा. दहा टक्क्यांच्या एन्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकात एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. डॉक्टरांनी किलोला १५ मिलिग्रॅम असा डोस ठरवला, तर ३५ ग्रॅमच्या बजीला साधारण अर्धा मिलिग्रॅम लागतो, म्हणजे ०.००५ मिली. एका थेंबात ०.०५ मिली असतं. एक थेंब म्हणजे दसपट डोस. म्हणून डॉक्टर ते पातळ करून देतात, आणि म्हणूनच डोस मिलिलिटरमध्ये लिहून घ्यायचा, 'दोन थेंब' असा नाही.

सिरिंजचीही एक खोड आहे. मेडिकलमध्ये लहान सिरिंज मागितली की इन्सुलिनची मिळते. एक मिलीच्या त्या सिरिंजवर बऱ्याचदा ४० खुणा असतात, कारण ती यू-४० इन्सुलिनसाठी बनवलेली असते. ०.१ मिली म्हणजे तिच्यावर ४ खुणा, १० नव्हे. दहा खुणांपर्यंत भरलंत तर अडीचपट डोस जातो. शक्यतो शंभर भागांची एक मिलीची सिरिंज मागा, सुई काढून फेकून द्या, आणि टोकाला मऊ नळीचा तुकडा लावा म्हणजे चोचीला लागणार नाही. औषध पांढरं, गढूळ असेल तर बाटली हलवल्याशिवाय भरू नका. खाली साका बसतो आणि शेवटच्या दोन दिवसांत पक्ष्याला सगळं औषध एकदम मिळतं.

धरण्याची रीत अशी. खोलीची दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, सगळं सामान आधी हाताशी. लहान टॉवेल हातावर पसरून मागून पक्ष्याला धरा: अंगठा आणि मधलं बोट जबड्याच्या दोन बाजूंना, तर्जनी डोक्यावर हलकी. बाकीचा हात नुसता पाळण्यासारखा. छाती दाबायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे झालं तरच हवा आत जाते. मूठ आवळली तर तोंड मोकळं असूनही तो गुदमरतो. उताणा करू नका, उभाच धरा. सिरिंज पक्ष्याच्या डाव्या बाजूने चोचीत घालून टोक उजवीकडे, मागच्या दिशेला ठेवा, कारण अन्ननळी त्याच्या उजव्या बाजूने क्रॉपकडे जाते आणि श्वासाचं भोक जिभेच्या बुडाशी मधोमध उघडं असतं. थेंब टाका, गिळू द्या, पुन्हा थेंब. शिंकला, डोकं झटकलं, नाकातून औषध आलं की थांबा, डोकं मोकळं सोडा. सगळं उरकायला एक मिनिट पुष्कळ झालं. सोडल्यानंतर पाच मिनिटांतही धाप थांबली नाही तर पुढच्या डोसाआधी डॉक्टरांना कळवा.

खातच नसेल तर हाताने भरवायचं, पण किती आणि कसं ते डॉक्टरांनी एकदा समोर करून दाखवल्याशिवाय नाही. हँडफीडिंगची तयार पावडर पाण्यात कालवून ३९-४० अंशांवर द्यायची असते. ४३ च्या वर गेली तर क्रॉप आतून भाजतो आणि काही दिवसांनी गळ्याला भोक पडून अन्न बाहेर येतं. ३८ च्या खाली असेल तर क्रॉप रिकामा होत नाही, आतच आंबतं. मनगटावर थेंब टाकून अंदाज घेऊ नका, थर्मामीटर बुडवा. मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्या मिश्रणात मध्येच चटका देणारे गोळे राहतात. प्रौढ बजीला एका वेळी १ मिलीपर्यंत, कॉकटेलला २-३ मिली. क्रॉप आधीचा रिकामा झालाय का हे बोटाने चाचपून मगच पुढचं भरवणं. बाजारात 'फीडिंगवर आहे, लळा लागतो' म्हणून पिसंही न आलेली पिल्लं विकतात. पहिल्यांदा पोपट पाळणाऱ्याने ती घेऊ नयेत. त्यातली बरीच आजारामुळे जात नाहीत, थंड फॉर्म्युल्यामुळे जातात.

सिटॅकोसिसबद्दल. क्लॅमिडिया सिटासी हा जंतू पोपटाच्या अंगात लक्षणांशिवाय दबून राहू शकतो, आणि घर बदलणं, प्रवास, नवा पिंजरा या ताणाने उसळतो. म्हणूनच आणल्यानंतरच्या आठवड्यांत तो जास्त दिसतो. डोळे-नाक वाहणं, हिरवट-पिवळी विष्ठा, धाप, खंगणं. हा माणसालाही होतो, वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासात गेल्याने. घरात कुणाला ताप, जोराची डोकेदुखी, कोरडा खोकला आला तर डॉक्टरांना 'घरी नवीन पोपट आहे' हे आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. पिंजरा कोरडा झाडू नका. आधी पाण्याचा फवारा, मग पुसणं, तोंडाला मास्क. गरोदर बाई, लहान मूल किंवा दम्याचा माणूस यांनी हे काम करू नये. पक्ष्याला डॉक्सिसायक्लिन साधारण ४५ दिवस चालतं, आणि त्या काळात समुद्रफेणीचा तुकडा, कॅल्शियमची वडी पिंजऱ्यातून काढायची असते, कारण कॅल्शियम या औषधाला बांधून ठेवतं आणि ते रक्तात जातच नाही. दहाव्या दिवशी पक्षी शीळ घालायला लागला म्हणून औषध सोडणारे पुष्कळ, आणि दोन महिन्यांनी पुन्हा त्याच दाराशी येणारेही तेच.

घरात आधीचे पक्षी असतील तर नव्याला दुसऱ्या खोलीत किमान ३० ते ४५ दिवस. आधी जुन्यांचं चारा-पाणी, शेवटी आजाऱ्याचं, वाट्या वेगळ्या. पिंजरा धुऊन झाल्यावर घरगुती ब्लीच लिटरभर पाण्यात ३० मिली, दहा मिनिटं ओलं ठेवून भरपूर पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा. पक्षी त्या खोलीत नको.

बाकी नेहमीचे संशयित थोडक्यात. भरपूर खाऊनही वाळत जाणारा बजी: जठरातली मॅक्रोऱ्हॅब्डस नावाची बुरशी, साधी प्रतिजैविकं तिला लागू पडत नाहीत. बजीच्या चोचीच्या बुडाशी मधाच्या पोळ्यासारखे पांढरट खवले: खरजेचा किडा. डॉक्टर मानेवर आयव्हरमेक्टिनचा मोजून थेंब टाकतात. घरी खोबरेल चोपडू नका, तेलाने पिसांची ऊब जाते. चकचकीत नव्या जस्ताच्या जाळीचा पिंजरा घेतल्यावर आठवड्यात उलट्या, हिरवी विष्ठा, तोल जाणं: जस्ताची विषबाधा. अशी जाळी व्हिनेगर आणि ब्रशने घासून, धुऊन मगच वापरावी, त्यापेक्षा स्टीलची बरी. मादी तळाला पाय फाकून बसली आहे, कुंथते आहे, पोट फुगलं आहे: अंडं अडकलंय. ऊब द्या, शेजारी गरम पाण्याची वाटी जाळीखाली ठेवून हवा दमट करा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न केला तर ते आत फुटतं. नखातून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लोअर किंवा तुरटीची पूड चिमटीत दाबून धरा. हळद लावायचा हात आपल्याकडे आपसूक पुढे होतो, सांगलीत तर जास्तच, पण पिवळ्या रंगात रक्त थांबलं की नाही हे कळत नाही. बजीच्या अंगात एकूण रक्त साडेतीन मिलीच्या आसपास असतं, हे लक्षात ठेवून थेंब मोजा.

पक्षी गेलाच आणि घरात दुसरे पक्षी असतील, तर साबणाच्या पाण्याने पिसं ओली करून, दोन पिशव्यांत बांधून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. डॉक्टरांना विचारून २४ तासांत शवविच्छेदनाला न्या.

आणि बरा होऊ लागला तर काय दिसतं? आधी काट्यावर एखादा ग्रॅम वाढतो. मग कागदावर ठिपके वाढतात आणि त्यांचा काळपटपणा जातो. मग तो पंख झाडतो, पिसं चोचीने विंचरायला लागतो, आजारी पक्षी हे काम सगळ्यात आधी सोडतो. आवाज सगळ्यात शेवटी येतो. वजन सलग तीन दिवस टिकलं की बल्ब थोडा लांब सरकवून दिवसाला दोन-तीन अंश उतरवा, एकदम बंद करू नका. पिसं पुन्हा फुगली तर आदल्या दिवशीच्या जागी बल्ब परत. खोलीच्या हवेत दोन रात्री नीट निघाल्या की टॉवेल काढा, दांडी वर चढवा, आणि मग कुठे चाऱ्यात बदल: राळ्यात रोज चिमूटभर पेलेट, किसलेलं गाजर, मेथीची पानं. नुसत्या दाण्यावर वाढलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही कमी पडतात, आणि सर्दी पुन्हा पुन्हा येते ती बऱ्याचदा त्यामुळेच. हा बदल करायला महिना-दीड महिना लागतो. काटा तोवर ओट्यावरच राहू द्या, सकाळच्या चहाच्या भांड्याशेजारी.